मनगटावरच्या शंका

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की गेली अडीच वर्षं माझ्या डाव्या मनगटावर पाइनटाइम नावाचं एक स्वस्तातलं ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं, स्मार्टवॉच आहे. वाक्य कंसात टाकलं होतं, पण पत्रं आली ती त्या कंसावरच. म्हणून प्रिंटर आणि वायफायवाल्यांनी या खेपेला माफ करावं, हा अंक घड्याळाचा.

मी घड्याळजी नाही आणि डॉक्टर तर नाहीच. प्रयोगशाळेत मुलांकडून सर्किटं जोडून घेण्यात माझी नोकरी झाली. त्यामुळे वस्तू बिघडली तर चालतं, पण का बिघडली हे कळलं नाही की मला झोप लागत नाही. उत्तरं त्याच खोडीतून आलेली आहेत.

प्रश्न: ताई, माझ्या फिटनेस पट्ट्याचं अ‍ॅप एके सकाळी ‘ही सेवा बंद झाली आहे’ असं सांगू लागलं. पट्टा धडधाकट आहे, पण आता साधी वेळसुद्धा जुळवून घेत नाही. ओपन सोर्स घड्याळ घेतलं तर हे टळेल, की ते नुसतं नावाला?
— एक निवृत्त ग्रंथपाल

उत्तर: काका, तुमचा पट्टा आणि माझा पट्टा जत्रेत हरवलेले भाऊ दिसतात. माझ्याही पट्ट्याचं असंच झालं. कंपनीचं नाव घेऊन उपयोग नाही, तशा पुष्कळ आहेत. फोन बदलला, अ‍ॅप नव्याने टाकलं, तर म्हणे आधी खात्यात शिरा. शिरायला गेले तर पलीकडचा सर्व्हरच गाशा गुंडाळून गेलेला. पट्ट्याची बॅटरी ठणठणीत, मोटर ठणठणीत, पण वेळ लावायला त्याच्या अंगावर एक बटण नाही. मध्येच एकदा चार्ज संपून बंद पडला आणि पुन्हा लागला तो चाळीस मिनिटं मागे. तीन आठवडे मी घड्याळात बघून मनात चाळीस मिळवत होते. मग तो खणात गेला.

पाइनटाइमला खातं हा प्रकारच नाही. घड्याळ ब्लूटूथने थेट फोनशी बोलतं, मध्ये कुणाचा सर्व्हर नाही. अँड्रॉइड फोनवर गॅजेटब्रिज नावाचं अ‍ॅप लागतं. तेही ओपन सोर्स आहे आणि मूळ अ‍ॅप इंटरनेटची परवानगीच मागत नाही, म्हणजे तुमची पावलं तुमच्याच फोनमधल्या एका फायलीत पडून राहतात. याची दुसरी बाजूही आहे. घड्याळावर हवामान हवं असेल तर दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपने ते इंटरनेटवरून आणून गॅजेटब्रिजच्या हातात ठेवावं लागतं. मला ते जुळवायला एक संध्याकाळ लागली होती. आणि फोन अजिबात नसला तरी वेळ आणि तारीख घड्याळातच हाताने लावता येते. ही सोय तुम्हाला आणि मला किती मोठी वाटेल हे इतरांना कळणार नाही.

‘नुसतं नावाला’ म्हणाल, तर नाही. हे घड्याळ पाइन ६४ या कंपनीने २०१९ साली जाहीर केलं, पण त्यात चालणारं इन्फिनिटाइम हे फर्मवेअर, म्हणजे घड्याळ चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, स्वयंसेवक लिहितात. त्याचा परवाना जीपीएल आहे. लिहिणारे उद्या कंटाळून उठून गेले तरी लिहिलेला कोड कुणाला परत घेता येत नाही, दुसरा कुणीही तो तिथून पुढे नेऊ शकतो. उलट गोष्ट पाहायची असेल तर पेबल. २०१२ साली लोकांकडून आगाऊ पैसे उभे करून आलेलं गाजलेलं घड्याळ, २०१६ च्या अखेरीला कंपनी बंद झाली, तिचा माल फिटबिटने घेतला आणि २०१८ मध्ये सर्व्हर थांबले. ती घड्याळं पुढे वापरात राहिली ती रिबल नावाने एकत्र आलेल्या हौशी लोकांमुळे. पेबलचं मूळ सॉफ्टवेअर खुलं झालं जानेवारी २०२५ मध्ये. इतकी वर्षं लोकांनी कुलूप बाहेरून चाचपत काढली.

मात्र कोड खुला आहे म्हणून घड्याळ हुशार होत नाही, हे घेण्याआधी ऐकून ठेवा. यात जीपीएस नाही, माइक नाही, स्पीकर नाही. फोन आला तर घड्याळावरून घेता येतो, तोडता येतो, बोलता येत नाही. आतला प्रोसेसर ६४ मेगाहर्ट्झचा आणि रॅम ६४ किलोबाइट. किलोबाइटच, छापण्यात चूक झालेली नाही.

प्रश्न: घड्याळावर इंग्रजी मेसेज छान दिसतात. पण आमच्या घरच्या ग्रुपवर सगळे मराठीत लिहितात, आणि तिथे धड काहीच वाचता येत नाही. मराठी फॉन्ट कुठून टाकायचा?
— दोन मुलांची आई

उत्तर: या एका प्रश्नाची अकरा पत्रं आहेत. म्हणून जरा बैजवार सांगते.

फॉन्ट टाकून काम भागलं असतं तर मी केव्हाच टाकला असता. अडचण अक्षरांच्या चित्रांची नाही, ती कुठे बसवायची याची आहे. ‘किती’ हा शब्द घ्या. फोन तो पाठवताना चार तुकड्यांत पाठवतो: आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी, मग त, मग दीर्घ वेलांटी. आपण वेलांटी नंतर उच्चारतो म्हणून तीही नंतर येते. पण काढायची कुठे? क च्या आधी. म्हणजे ज्याने चित्र काढायचं त्याला दोन तुकडे हातात आल्यावर त्यांची अदलाबदल करता आली पाहिजे. घड्याळाला हे माहीत नाही. ते आलेला तुकडा आल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे ठेवत जाणार. म्हणजे फॉन्ट टाकला तरी क ची वेलांटी जाऊन त ला चिकटणार आणि ‘किती’ चं भलतंच काही होणार.

आणि जोडाक्षरं! ‘क्षमस्व’ मधल्या क्ष साठी वेगळा तुकडा येतच नाही. क, हलन्त आणि ष असे तीन येतात आणि त्यांचं मिळून एक चित्र करायचं असतं. फोनमध्ये हे सगळं करणारा एक खास कारागीर बसलेला असतो, अक्षरांची जुळणी करणारा. त्याला आणि त्याच्या शेकडो चित्रांना जागा लागते. इथे ६४ किलोबाइट. त्याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब करून बघा. पडदा २४० बाय २४० ठिपक्यांचा आहे, प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २ बाइट. गुणाकार केला की १,१५,२०० बाइट होतात, म्हणजे ११२ किलोबाइटहून थोडे जास्त. एक अख्खा पडदासुद्धा या घड्याळाच्या रॅममध्ये मावत नाही! बिचारं थोड्या थोड्या ओळी रंगवून पडद्याकडे सरकवत राहतं. अशा घरात कारागिराला पाट कुठे मांडणार?

वर आणखी एक चिमटा आहे. इन्फिनिटाइम एका सूचनेचे १०० बाइटच ठेवतं आणि अशा शेवटच्या ५ सूचना लक्षात ठेवतं. रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक तुकड्याला ३. म्हणजे सगळं जमलं असतं तरी ३३ तुकडे, त्यात काने-मात्रे वेगळे मोजायचे. तुमच्या नणंदेचा ‘अगं तुला सांगायचं राहिलं’ एवढ्यातच संपला असता.

मग करायचं काय? मी करते ते सांगते. फोनमध्ये जवळच्या माणसांची नावं रोमन अक्षरांत साठवली आहेत. घड्याळ थरथरलं की कुणाचा मेसेज आहे एवढं नावावरून कळतं. मजकूर फोनवर वाचायचा की नंतर वाचायचा हे नाव बघून ठरतं. आणि घरच्या ग्रुपची थरथर गॅजेटब्रिजमध्ये बंद केली आहे. तुम्हीही करा, संध्याकाळ मोठी होते.

आता थोडी बढाई. वेळ मात्र माझ्या घड्याळावर मराठीत दिसते. आकड्यांना ना वेलांटी ना जोडाक्षर, शून्य ते नऊ अशी दहा चित्रं आणि मधलं विसर्गासारखं चिन्ह, बस. इन्फिनिटाइमचा कोड उतरवला, फॉन्टच्या यादीत हे दहा आकडे घातले, आणि वाराचं नाव कसं लिहावं यावर अडकले. ‘शनि’ मध्ये ऱ्हस्व वेलांटी, ‘शुक्र’ मध्ये जोडाक्षर. शेवटी जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरासारखं एकेक अक्षर घेतलं: सो, मं, बु, गु, शु, श, र. एकातही ऱ्हस्व वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. जणू कुणी माझ्यासाठीच आखून ठेवलं होतं. फक्त बुधवारी उकार ब च्या पोटाखाली न बसता दोन ठिपके उजवीकडे सरकतो. दुरुस्त करायचं म्हणून वहीत लिहून ठेवलं आहे, त्याला आता वर्ष होईल. दर बुधवारी आठवण होते.

प्रश्न: पाण्यात चालतं का? मी रोज पोहतो.
— एक जलतरणप्रेमी

उत्तर: पोहायला नको. यावर आयपी ६७ असं लिहिलेलं असतं. त्यातल्या ७ चा अर्थ १ मीटर खोल, साध्या, स्थिर पाण्यात ३० मिनिटं. हात मारताना पाणी ज्या जोराने आपटतं तो या चाचणीत धरलेला नाही. पावसात, हात धुताना बिनधास्त राहा. साबणाचं पाणी मात्र कुठल्याच सीलला मानवत नाही. आणि ओल्या पडद्याला थेंब म्हणजे बोट वाटतं, घड्याळ आपलं आपणच पानं उलटत बसतं.

प्रश्न: माझी रात्रपाळी असते. दिवसा झोपले की घरात कुणाची झोप न मोडता उठवेल असा गजर हवा आहे. शिवाय अंधारात कूस बदलली की मनगट उजळतं आणि माझीच झोप मोडते. बॅटरी किती दिवस जाते?
— एक परिचारिका

उत्तर: गजरासाठी हे घड्याळ तुमच्यासारखीलाच बनवलं आहे म्हणा ना. आवाज काढणारं यंत्रच त्यात नसल्यामुळे ते फक्त मनगटावर थरथरतं. शेजारी झोपलेल्याला पत्ता लागत नाही. गजर मात्र एकच लावता येतो: एकदाच, रोज, किंवा सोमवार ते शुक्रवार. पाळी बदलली की हाताने बदला. माझी झोप गाढ आहे, पट्टा सैल असताना मी दोनदा उठले नाही. आता झोपताना एक भोक घट्ट करते.

उजळण्याचं कारण तुम्ही सेटिंगमध्ये ‘मनगट उचललं की जाग’ हा पर्याय ठेवला आहे. जागं करण्याचे पर्याय वेगवेगळे आहेत: एक टिचकी, दोन टिचक्या, मनगट उचलणं, हात हलवणं. मी दोन टिचक्यांवर ठेवलं आहे. एका टिचकीवर ठेवलं तर बाही घासली तरी उजळतं. झोपताना मुख्य पानावर बोट डावीकडून उजवीकडे ओढा. चार चौकोन येतील, त्यातल्या घंटेच्या चौकोनात झोपेची अवस्था निवडा. मग घड्याळ सूचनांनी थरथरत नाही आणि बटण दाबल्याशिवाय उजळत नाही.

बॅटरीचं उत्तरही यातच आहे. आतली बॅटरी १८० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासची, आणि तिचा सर्वात मोठा गिऱ्हाईक म्हणजे पडद्यामागचा दिवा. हा साधा एलसीडी आहे, दिवा बंद तर पडदा काळा. सूचना बेताच्या, दोन टिचक्या, उजेड मंद, असं ठेवल्यावर मला नवेपणी सहा दिवस मिळायचे. मनगट उचलण्यावर ठेवून बघितलं तर चौथ्या दिवशी मान टाकली.

एक राहिलंच. ड्यूटीवर मनगटात काही घालायला तुमच्याकडे परवानगी आहे ना, ते आधी बघा. नसेल तर मी खिशात घालायला सुचवणार होते, पण खिशात ते नाडीही बघत नाही आणि थरथरही कळत नाही. मग साधी काटेवाली छातीची टाचणघडीच बरी.

प्रश्न: मी आणि सौ. रोज एकत्रच फिरायला जातो. तिचं महागडं घड्याळ माझ्यापेक्षा रोज हजारभर पावलं जास्त दाखवतं. खरं कुणाचं?
— एक त्रासलेला नवरा

उत्तर: बहुधा दोघांचंही नाही. आणि काकूंची उंची तुमच्यापेक्षा कमी असेल तर त्यांची पावलं खरंच जास्त पडतात, हे भांडणाआधी लक्षात घ्या.

घड्याळ पावलं बघत नाही, हाताचे हेलकावे बघतं. पाइनटाइममध्ये त्यासाठी एक चिमुकली चिप आहे, गतीतला बदल मोजणारी, आणि पावलं मोजायची युक्ती त्या चिपमध्येच भरलेली आहे. हाताला एका ठरावीक तालात झोके बसले की ती म्हणते, चालतोय. मी एकदा सुट्टीच्या दिवशी हा प्रयोगच केला. खिशात शंभर बटणं घेतली, दर दहा पावलांना एक बटण या खिशातून त्या खिशात. हजार पावलांना घड्याळाने ९६२ दाखवली. मग तेवढंच अंतर सामानाची ढकलगाडी ढकलत गेले. हात दांड्याला धरलेले, झोका नाही. २१८! तिसऱ्यांदा चाललेच नाही. बसून, वाजत्या गाण्याला पाच मिनिटं टाळ्या दिल्या आणि १४० पावलं पदरात पडली. दात घासताना, कपडे घासताना असंच पुण्य मिळतं.

तेव्हा आकडा आज आणि काल यांची तुलना करायला वापरा, एका मनगटाची दुसऱ्याशी करायला नको. घड्याळ रात्री बाराला पाटी पुसून शून्यापासून सुरू करतं, जुना हिशेब हवा तर फोनवर गॅजेटब्रिजमध्ये बघा. आणि आपलं घड्याळ सौ.च्या हातात एक दिवस देऊन बघा. भांडणाला नवीन विषय मिळेल.

प्रश्न: आईला हृदयाचा त्रास आहे. ती एकटी राहते. या घड्याळात नाडी दिसते असं वाचलं, म्हणून तिला घेऊन द्यावं म्हणतो.
— काळजीत असलेला मुलगा

उत्तर: त्यासाठी देऊ नका.

कारण सांगते. घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा आणि उजेड टिपणारा डोळा आहे. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोक्यागणिक मनगटातल्या बारीक शिरांमधलं रक्त कमीजास्त होतं, तसा परत येणारा उजेडही कमीजास्त होतो. त्या चढउतारांची गणती म्हणजे नाडीचा आकडा. शांत बसलेल्या, पट्टा नीट आवळलेल्या माणसाचा आकडा मला हाताने मोजलेल्या नाडीच्या जवळ दिसला आहे. पण हात हलला, पट्टा सैल झाला, त्वचा गार पडली, की आकडा वाट्टेल तिथे जातो. एकदा मी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते आणि घड्याळ १६० सांगत होतं. पान उलटत होते एवढंच. घाबरून मानेवर बोटं ठेवली, ७४ भरले.

आता विचार करा, तो १६० आईने एकटीने रात्री बघितला तर? किंवा उलटं, खरोखर त्रास होत असताना घड्याळाने ७२ दाखवून तिला धीर दिला तर? ठोक्यांची लय चुकते का हे या घड्याळाला कळत नाही. ते ईसीजी काढत नाही, पडल्याचं कळवत नाही, कुणाला फोन लावत नाही. हे वैद्यकीय उपकरण नाही आणि बनवणारेही तसं म्हणत नाहीत. आईला काय लागेल ते तिच्या डॉक्टरांना विचारा. तिला वेळ मोठ्या अक्षरात दिसावी आणि गोळीच्या वेळी मनगट थरथरावं एवढंच हवं असेल तर घ्या, तेवढं ते इमानाने करतं.

प्रश्न: ताई, इन्फिनिटाइमची नवी आवृत्ती टाकली, दोन दिवस मस्त चालली. तिसऱ्या दिवशी घड्याळ हँग झालं म्हणून बटण दाबून ठेवून रीस्टार्ट केलं तर जुनी आवृत्ती परत! माझं काय चुकलं? आणि कधी एकदम मेलंच तर?
— कॉलेजात शिकणारा

उत्तर: तुझं चुकलं नाही, तू होकार द्यायचा विसरलास. मीही विसरले होते आणि माझी तर मराठी आकड्यांची आवृत्ती गेली होती. सकाळी उठून बघते तर सगळं इंग्रजी. पाच मिनिटं वाटलं की मी ते स्वप्नातच केलं होतं.

नवी आवृत्ती आली की घड्याळ तिला पाहुणी समजतं. सेटिंगमध्ये फर्मवेअरच्या पानावर जाऊन ‘व्हॅलिडेट’ दाबलंस की ती घरची. न दाबता घड्याळ पुन्हा सुरू झालं, मग ते कुठल्याही कारणाने असो, की बूटलोडर, म्हणजे सुरू होताना सर्वात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम, जुनीला आत घेतो. कटकट वाटते, पण विचार कर: नवी आवृत्ती सुरूच होत नसेल तर तू होकार कसा देणार? नाही दिलास की जुनी आपोआप परत. घड्याळाची पाठ चिकटवलेली आहे, तार जोडायला आत शिरता येत नाही, म्हणून ही सोय.

मेल्यासारखं वाटलं तर बटण सात-आठ सेकंद दाबून ठेव, ते पुन्हा सुरू होतं. पाइनच्या फळाचं चित्र हळूहळू भरत जातं. हात लावला नाहीस तर आहे तीच आवृत्ती उघडते. बटण दाबूनच ठेवलंस आणि चित्र निळं झाल्यावर सोडलंस तर आधीची आवृत्ती येते. लाल होईपर्यंत थांबलास तर रिकव्हरी, म्हणजे फक्त नवं फर्मवेअर घेण्यापुरतं जागं असलेलं घड्याळ. मी लालपर्यंत एकदाच गेले आहे, हात घामेजले होते.

अपडेट नेहमी बॅटरी भरलेली असताना आणि फोन शेजारी ठेवून कर. ब्लूटूथने काही मिनिटं लागतात, तेवढ्यात फोन खिशात घालून जिन्यावर जाऊ नकोस. नव्या आवृत्तीत एखादं घड्याळाचं तोंड दिसेनासं झालं तर घाबरू नकोस. काहींना लागणारी चित्रं आणि फॉन्ट वेगळ्या फायलीत असतात, ती ‘रिसोर्सेस’ची फाइलही त्याच आवृत्तीची टाकावी लागते.

प्रश्न: मला स्वतःचं अ‍ॅप लिहायचं आहे. थोडं जावास्क्रिप्ट येतं, सी प्लस प्लस येत नाही. जमेल का?
— अकरावीची विद्यार्थिनी

उत्तर: इन्फिनिटाइम सी प्लस प्लसमध्ये आहे, आणि अ‍ॅप म्हणजे दुकानातून उतरवायची वस्तू नाही. ते सगळ्या फर्मवेअरसोबत एकत्र शिजवून घड्याळात ओतावं लागतं. मन असेल तर इन्फिनिसिम घे, त्यात घड्याळ कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालतं, चुका तिथेच करता येतात. पण तुझ्या जागी मी असते तर बँगल जेएस २ बघितलं असतं. ते जावास्क्रिप्टवरच चालतं, ब्राउझरमधून ब्लूटूथने कोड पाठवला की लगेच मनगटावर दिसतो. जीपीएस आहे, पडदा १७६ बाय १७६ असला तरी कायम दिसतो, उन्हात तर जास्तच छान. तेही ओपन सोर्सच, मात्र पाइनटाइमपेक्षा महाग. घरच्यांकडे हट्ट करताना हे पत्र दाखवू नकोस.

प्रश्न: सॉफ्टवेअर खुलं, मग पाठ चिकटवलेली का? बॅटरी म्हातारी झाली की घड्याळ फेकायचंच ना?
— एक जुने घड्याळदुरुस्तीवाले

उत्तर: काका, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. उघड्या पाठीचं घड्याळ मिळायचं ते कोड लिहिणाऱ्यांच्या संचात, त्यात तारा जोडता येतात, पण पाणी रोखलं जात नाही. वापरायचं घड्याळ बंद पाठीचं. पाणी अडवायला चिकटवलं हे कारण खरं आहे, आणि तुमच्या स्क्रूच्या पाठी रबराच्या चकतीवर वर्षानुवर्षं पाणी अडवत होत्या हेही खरं आहे. माझं याला उत्तर नाही. हा या घड्याळातला माझा सर्वात मोठा राग आहे. पट्टा तेवढा कुठलाही २० मिलिमीटरचा बसतो, तो मी दोनदा बदलला.

पाठ गरम करून, पातं सरकवून ती उघडणारे आहेत. आत शिरणाऱ्याने पातं बॅटरीत घुसणार नाही हे बघायचं, लिथियमची आहे. पुन्हा बंद केल्यावर पाण्याचं नाव काढायचं नाही. मी अजून धाडस केलेलं नाही, पण तुमच्यासारखा हात असता तर केलं असतं. तोवर ती म्हातारी होऊ नये म्हणून मी रात्रभर चार्जिंगला लावत नाही, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवत नाही, आणि पार शून्यावर जाऊ देत नाही. शून्यावर गेलं तर वेळही हरवते, फोन भेटेपर्यंत. पाठीवरचे चार्जिंगचे दोन ठिपके घामाने मळतात, ते कोरड्या कापडाने पुसते. त्यांच्यामुळे ‘बॅटरी गेली’ असं वाटून दोघांनी पत्रं लिहिली होती. पुसल्यावर कळवलं त्यांनी.

सहा दिवसांचे माझे आता चार झाले आहेत. रविवारी आणि गुरुवारी चार्ज करते. बुधवारी रात्री उकाराकडे बघताना बॅटरीकडेही लक्ष जातंच.